आधी पाणी, मग स्लिकरॉक

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मोआबला पहिल्यांदा माउंटन बाइक चालवायला जाणारे बहुतेक जण ‘स्लिकरॉक’ या वाटेचेच नाव घेऊन निघतात. पहिल्या सहलीचा बेत मात्र नावाजलेल्या वाटेवरून नव्हे, ऋतू आणि पाणी पाहून आखावा. उन्हाळ्यात तिथला पारा ३८ अंशांच्या वर जातो, आणि हवा इतकी कोरडी की घाम जाणवण्याआधीच वाळतो. शरीरातले पाणी किती घटले हे उशिरा कळते. जवळच्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या सुमारे १६० किलोमीटरच्या व्हाइट रिम रस्त्यावर पिण्याचे पाणी मिळतच नाही. म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर गाठावा आणि माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी बरोबर ठेवावे.

एवढा खर्च करून जायचे आणि प्रसिद्ध वाट सोडायची, हा आक्षेप रास्त आहे. पण स्लिकरॉक १९६९ मध्ये मुळात मोटारसायकलींसाठी आखली गेली. खडकावर टायरची पकड उत्तम बसते, हे खरे. तरी तिचे उभे चढ-उतार सरावलेल्यांनाही दमवतात. आधी बार एमसारख्या सोप्या वाटेवर अंदाज घेतला तर काहीच हुकत नाही. आणखी एक गोष्ट बेत करतानाच मनाशी पक्की करावी. वाटेलगतचा काळपट, खडबडीत थर म्हणजे सूक्ष्मजीवांनी बांधलेली जिवंत माती. एका चाकाने मोडलेला तो थर सावरायला कित्येक दशके लागतात. चढ झेपला नाही तर खुशाल उतरून सायकल ढकला, पण आखलेली वाट सोडू नका.