केव्हा वाजते ते सांगा!

नुसत्या आवाजांसाठी मराठीने जेवढे शब्द घडवले आहेत तेवढे प्रेमासाठीही घडवले नसतील. दाराची करकर, पावसाची रिपरिप, खिशातल्या सुट्या पैशांची खुळखुळ, जुन्या पंख्याची घरघर आणि नव्या सुनेच्या बांगड्यांची किणकिण या साऱ्यांना आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे, आणि एकाचे नाव दुसऱ्याला दिलेले आपल्या कानाला खपत नाही. घरघर करणाऱ्या बांगड्या कुणी ऐकल्या आहेत? व्याकरणात या शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. वर्गात मी हा भाग शिकवतो तेव्हा मुले मनमुराद हसतात आणि दोन गुणांच्या प्रश्नापलीकडे त्याचा काही उपयोग नाही असे समजून विसरून जातात. त्या मुलांना एकदा सिल्लोडला न्यावे असे हल्ली माझ्या मनात येते.

त्याचे कारण आमच्या मेहुण्यांची मोटार. मेहुणे बँकेतून सेवानिवृत्त झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोरी गाडी घेतली. गाडीला आठ महिने झाले होते, नऊ हजार किलोमीटर झाले होते, आणि आसनांवरचे प्लॅस्टिक काढायला वहिनींचा जीव अजून धजावत नव्हता. अशा गाडीच्या पुढच्या भागातून एके दिवशी ‘ठक’ असा आवाज आला. मग तो रोज येऊ लागला.

नव्या गाडीतला आवाज ही जुन्या गाडीतल्या आवाजापेक्षा फार निराळी गोष्ट आहे. जुनी गाडी वाजली तर वय झाले म्हणून आपण सोडून देतो. नवी वाजली की मनात नाही नाही ते येते. आपल्याला फसवले काय? पैसे पाण्यात गेले काय? चाक निखळून पडणार काय? मेहुण्यांनी गाडी दोनदा कंपनीच्या वर्कशॉपात नेली. दोन्ही वेळा तिथल्या माणसाने ती चालवून पाहिली आणि कागदावर लिहून दिले, “आवाज आढळला नाही.” घरी वहिनी म्हणाल्या, “मला तर काही ऐकू येत नाही.” मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “बाबा, तुम्ही फार लक्ष देता.” ज्या माणसाने पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका पकडल्या, त्याला आता स्वतःच्या कानांचा भरवसा वाटेना. मला वाटते, गाडीपेक्षा त्यांना हेच अधिक लागले होते. गॅरंटीचे दिवस तर हळूहळू सरतच होते.

याच सुमारास सासूबाईंनी अजिंठ्याचा विषय काढला. त्यांना एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिलेली लेणी त्यांना पुन्हा एकदा पाहायची होती. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, मग अजिंठा गाव, आणि गाव सोडले की फर्दापूरकडे उतरणारा घाट. मेहुणे मला बाजूला घेऊन म्हणाले, “दाजी, आईला बसवून ही गाडी मी घाटात घालू का? खरं सांगा.” या प्रश्नाला मराठीच्या प्राध्यापकाने काय उत्तर द्यावे? सिल्लोडपर्यंत जाऊ आणि तिथे कुणाला तरी दाखवू, असे ठरले.

हा रस्ता ज्यांनी जुन्या काळापासून पाहिला आहे त्यांना त्याची कहाणी ठाऊक आहे. चौपदरीकरणाचे काम सुरू झाल्यावर काही वर्षे तो जागोजाग उखडलेला होता. शिवाय खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. वरचा रस्ता नीट बांधलेला नसेल तर तोही तिच्याबरोबर वरखाली होतो. गंमत अशी की दुचाकींचे शॉकॲब्सॉर्बर ज्या वाळूजच्या कारखान्यांत बनतात ते याच जिल्ह्यात आहेत. औषध आणि रोग एकाच गावी नांदतात म्हणायचे!

सिल्लोडला रस्त्याकडेच्या एका गॅरेजपाशी आम्ही थांबलो. मिस्त्री साठीच्या घरातले. मेहुण्यांनी गाडीतून उतरता उतरताच सुरुवात केली, “डाव्या बाजूचा शॉकॲब्सॉर्बर गेलाय.” मिस्त्रींनी हात वर केला.

“साहेब, काय गेलंय ते मी बघतो. कुठं वाजतं तेही मागून विचारतो. आधी केव्हा वाजतं ते सांगा.”

व्याकरणातली कालवाचक, स्थलवाचक आणि रीतिवाचक क्रियाविशेषणे मी वीस वर्षे शिकवतो आहे. पण त्यांच्यात आधी कोण आणि मागून कोण, हे असे ठणकावून कुणी सांगितलेले मी ऐकले नव्हते. आणि मिस्त्रींचे खरेच होते. मोटारीचे अंग पोलादी. पोलादातून आवाज हवेपेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने धावतो आणि सगळ्या सांगाड्यात पसरतो. डाव्या चाकाशी वाजलेले उजव्या पायाखाली ऐकू येते. तेव्हा ‘कुठे’ या बाबतीत कान फसतो. ‘केव्हा’ या बाबतीत तो सहसा फसत नाही.

मग प्रश्नोत्तरे झाली. ब्रेक दाबताना वाजते? नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवले तर? नाही. वेग वाढला की वाढते? उलट, वेगात ऐकू येत नाही. मोठ्या गतिरोधकावर? मेहुणे थांबले, आठवू लागले आणि जरा आश्चर्यानेच म्हणाले, “नाही. गतिरोधकावर कधीच नाही. बारीक खड्डे आले, एक चाक खाली गेलं, की वाजतं.”

मिस्त्री हसले. “आणि वाजतं कसं? खडखड, करकर, की ठक?”

“ठकठक,” मेहुणे म्हणाले. “कोरडी. कुणी दारावर बोटाचं पेर आपटावं तशी.”

येथे वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना तो कधी तरी उपयोगी पडेल. खडखड झाली तर आधी डिकी रिकामी करावी. जॅक, पाने, सैल बसलेली स्टेपनी यांच्यापायी अनेकांनी चांगले शॉकॲब्सॉर्बर बदलले आहेत. (स्टेपनी हा शब्दही मजेचा आहे. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाके तयार होत. रस्ता तिकडेच राहिला आणि नाव आपल्या डिकीत येऊन पडले.) करकर झाली तर बहुधा रबरी बुश कोरडे पडून लोखंडाला घासत असतात. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असण्याचा संभव मोठा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की कटकट होत असेल तर चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा पाहावा. ब्रेक लावताना एकच दणका बसत असेल तर खालच्या आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उसळल्यासारखा आवाज आला तर शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावरची बैठक.

आणि एकच चाक खड्ड्यात गेल्यावर होणारी कोरडी ठकठक? पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक पोलादी कांब असते. वळणावर गाडी फार कलू नये हे तिचे काम. तिच्या दोन्ही टोकांना छोट्या लिंका असतात. मिस्त्री लोक त्यांना लिंक रॉड म्हणतात. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर कांब आपल्या रबरांत नुसती फिरते, तिच्यावर ताण पडत नाही. एकच चाक उचलले गेले की ती पिळली जाते आणि लिंका ओढल्या जातात. लिंक सैल असेल तर ती तेव्हाच बोलते. कंपनीच्या माणसाने दोन्ही वेळा गाडी गुळगुळीत रस्त्यावरून नेली होती, आणि परीक्षा म्हणून गतिरोधकावरून सरळ घेतली होती. दोन्ही चाके बरोबर चढली, बरोबर उतरली. आवाज आला नाही हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मेहुण्यांचेही खोटे नव्हते.

मिस्त्रींनी तरीही घाई केली नाही. डिकी रिकामी करून घेतली. सासूबाईंचा डबासुद्धा बाहेर आला. मग डावे चाक रस्त्याच्या खडबडीत कडेवर आणि उजवे डांबरावर ठेवून त्यांनी गाडी सावकाश चालवली. ठक, ठक! बाजू बदलल्यावर जवळजवळ शांत. नंतर जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवून पाहिले. “हे पहिलं बघायचं असतं,” ते म्हणाले. “खालचा बॉल जॉइंट सैल असता तर मी तुम्हाला पुढं जाऊच दिलं नसतं. तो पक्का आहे.” शेवटी गाडी चाकांवर उभी करून, स्टिअरिंग वळवून, त्यांनी आत हात घातला, बोटे लिंकेवर ठेवली आणि पोऱ्याला गाडी हलवायला सांगितली. मग मेहुण्यांचा हात धरून तिथे टेकवला. जो आवाज आठ माणसांनी नाकारला होता तो मेहुण्यांना बोटांच्या टोकांना लागला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

“मी हात लावत नाही,” मिस्त्री म्हणाले. “गॅरंटीत आहे, मग ते नाव ठेवतील. सावकाश जा, आजींना लेणी दाखवा. तिकडं गेल्यावर मात्र ‘आवाज येतो’ असं लिहू नका. केव्हा येतो ते लिहा, आणि त्यांच्या माणसाला शेजारी बसवून खड्ड्यातून न्या.”

घाट आम्ही सुखरूप उतरलो. फर्दापूरला गाडी ठेवून सरकारी बसने लेण्यांपर्यंत गेलो आणि सासूबाईंनी डोलीत बसून आपली इच्छा पुरी केली. तिथे मला आणखी एका ठकठकीची आठवण झाली. भित्तिचित्रांची डागडुजी करणारे तज्ज्ञ गिलावा बोटाने हलकेच वाजवून पाहतात. खडकापासून सुटलेला भाग पोकळ वाजतो. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांना अजिंठ्यास आणले होते. सुटलेला गिलावा त्यांनी जागच्या जागी बसवला, ते काम उपकाराचे झाले. चित्रांवर दिलेला शेलॅकचा लेप मात्र पुढे पिवळा पडला. सैल झालेले घट्ट करणे वेगळे आणि वरून लेप देणे वेगळे. गाडीखाली सरसकट ग्रीस फासून आवाज चार दिवस दाबून देणारेही असतातच की!

परतल्यावर मेहुण्यांनी वर्कशॉपात चार ओळी लिहून दिल्या: वेग वीसच्या आत, डावे चाक खड्ड्यात, ब्रेक नाही, वळण नाही. त्यांच्या माणसाला शेजारी बसवले. पहिल्याच खड्ड्यात तो म्हणाला, “हो, आहे.” डाव्या लिंकेचा नट पुरता आवळलेला नव्हता, आणि हलून हलून सांधाही खिळखिळा झाला होता. एका तासात नवी लिंक बसली, बिल शून्य.

आपण सगळेच डॉक्टरांकडे जाऊन रोगाचे नाव सांगतो, वकिलाकडे जाऊन कलम सांगतो आणि घरात भांडताना समोरच्याचा स्वभाव सांगतो. ज्याला काही दुरुस्त करायचे आहे त्याला यांतल्या कशाचाच उपयोग नसतो. त्याला केव्हा आणि कसे, एवढेच हवे असते. सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, कोणत्या शब्दावर. आणि कुणी तसे सांगू लागला की “मला तर काही ऐकू येत नाही” असे म्हणण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून त्याच खड्ड्यातून जावे. वहिनी हल्ली जातात. परवा त्यांनीच मेहुण्यांना सांगितले, “अहो, मागच्या दाराची किरकिर ऐकलीत का? फक्त सकाळी होते, ऊन पडलं की थांबते.”