बियाणे इथले, तपासणी मात्र कंपनीची

जैवतंत्रज्ञान उद्योगाचा विषय निघाला की हैदराबादची जीनोम व्हॅली आठवते, नाहीतर पुणे. बुलडाणा जिल्ह्याचे नाव कुणी घेत नाही. पण देऊळगाव राजा तालुक्यात रस्त्यालगत ज्या शेडनेटच्या रांगा दिसतात, त्यांच्यात टोमॅटो, मिरची, काकडीचे संकरित बियाणे तयार होते. सिंदखेड राजा भागातही तेच चित्र आहे.

ही शेडनेटं इथे का आली, याचे उत्तर तीसेक किलोमीटरवरच्या जालन्यात आहे. तिथे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. पुढे इतर बियाणे कंपन्याही आल्या आणि बीजोत्पादनाचे काम शेजारच्या तालुक्यांत पसरले. २००२ मध्ये देशात मंजुरी मिळालेला पहिला बीटी कापूसही याच महिकोशी जोडलेला. असे उद्योग अंगी असलेल्या कामातून वाढतात. पुण्याचेच पाहा. पूनावाला कुटुंबाचा व्यवसाय शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा. म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात, कारण धनुर्वात-सर्पदंशावरचे रक्तजल तेव्हा घोड्यांच्या रक्तापासून बनत असे. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. नुसता भूखंड आखून आणि फलक लावून असे काही उगवत नाही.

मग बुलडाण्याच्या अंगी काय आहे? इथल्या बायकांच्या बोटांतले कसब. टोमॅटोची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि खूण करायची. एक कळी नजरेतून सुटली की ती स्वतःच्याच परागाने फळते आणि बियाण्यात भेसळ होते. हे काम अजून कोणत्याही यंत्राला नीट जमलेले नाही.

एवढे करून बियाणे कंपनीकडे गेले की तिथे त्याची उगवण आणि जनुकीय शुद्धता तपासली जाते. लॉट नापास झाला तर हंगामभराची मेहनत, मजुरी आणि शेडनेटच्या कर्जाचा हप्ता, सारे शेतकऱ्याच्या अंगावर येते. शुद्धता पाहण्याची जुनी रीत म्हणजे नमुना पेरून रोपे वाढवून बघणे. त्यात आठवड्यांमागून आठवडे जातात. डीएनए चाचणीने हेच काही दिवसांत कळते. पण निकाल देणारा आणि माल घेणारा एकच, हीच खरी अडचण. रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते, शेतकऱ्याला दुसरी चाचणी कुठे मिळणार? सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, परभणी आणि नागपूरला. कंपन्या खोटे सांगतात असे नव्हे. पण ज्याचा माल, त्याच्या हाती दुसरा कागद नसावा हे बरे नाही.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. जाळीच्या आत उकाडा जास्त, वारा कमी. तिथे फवारणी होते आणि त्याच झाडांवर पुढचे कित्येक दिवस बायका हाताने काम करतात. मळमळ, डोकेदुखी, घाम, अंधुक दिसणे ही लक्षणे ऊन लागल्याची समजून घरीच काढली जातात. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके रक्तातले कोलिनएस्टरेज हे विकर दाबून टाकतात. हंगामाआधी आणि हंगामात ते मोजले तर विषबाधा वेळीच पकडता येते. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीने माणसे गेली, तेव्हा विदर्भाने हा धडा घेतला होता. जाळीतल्या बायकांपर्यंत तो पोहोचल्याचे दिसत नाही.

देऊळगाव राजात डीएनए चाचणीची एक स्वतंत्र प्रयोगशाळा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या देखरेखीखाली उभी करता येईल. विज्ञान शिकलेल्या इथल्या मुलामुलींना त्यात काम मिळेल. रक्ततपासणीसाठी तर नवी इमारतही लागणार नाही. बुलडाणा आणि जालना या दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि ही चाचणी जीवरसायनशास्त्र विभागाच्या आवाक्यातली आहे. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या आराखड्यात या दोन कामांसाठी तरतूद मागायला हवी, आणि ती मागणी परागीकरणाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी. एकदा फुले लागली की जाळीतल्या बाईला दवाखान्यात जायलाही सवड नसते.