बालहक्कांचा पहारेकरी कोणाचा?

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके एका अंगाने सह्याद्रीच्या कड्यांना टेकलेले, तर दुसऱ्या अंगाने उसाच्या मळ्यांत उतरलेले आहेत. पश्चिमेकडील महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाची मुले घरापासून दूर आश्रमशाळांत राहून शिकतात. पूर्वेकडे दर वर्षी गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी मजुरांची बिऱ्हाडे येतात. आईबाप पहाटे फडात जातात आणि कोपीवर राहिलेली थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते. उसात बिबट्याचे भय असते आणि हातातून पाटी सुटलेली असते. या मुलीच्या हक्कांच्या रक्षणासाठी देशात कायद्याने एक आयोग स्थापन केलेला आहे. त्या आयोगाने आपली शक्ती कोठे खर्च केली, हा प्रश्न राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाचे माजी अध्यक्ष प्रियंक कानूनगो यांच्या कारकिर्दीने आपल्यापुढे उभा केला आहे.

कानूनगो हे मध्य प्रदेशातील विदिशाचे. २०१५ मध्ये ते आयोगाचे सदस्य झाले, २०१८ मध्ये अध्यक्ष झाले आणि ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्या पदावर राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांची राष्ट्रीय मानवी हक्क आयोगावर नेमणूक झाली.

त्यांच्या काळात काहीच बरे घडले नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. कोरोनाच्या महामारीत उघड्यावर पडलेल्या मुलांची नोंद करण्यासाठी आयोगाने ‘बाल स्वराज’ ही संगणकीय व्यवस्था उभारली. एप्रिल २०२० पासून देशात १,४७,४९२ मुलांना आईबाप गमवावे लागले किंवा निराधार व्हावे लागले आणि त्यांपैकी १०,०९४ मुलांची दोन्ही छत्रे हरपली, ही माहिती जानेवारी २०२२ मध्ये आयोगानेच सर्वोच्च न्यायालयाला दिली. आयोगाने करावयाचे काम ते हेच.

परंतु त्यांचे नाव गाजले ते निराळ्याच कारणाने. जून २०२४ मध्ये आयोगाने शिक्षणहक्क कायद्याचे पालन न करणाऱ्या मदरशांची मान्यता काढून घेण्याची शिफारस केली. ऑक्टोबरात राज्यांना पत्रे पाठवून मदरशांचा सरकारी निधी थांबवावा व मदरसा मंडळे बंद करावीत, असे सुचविले. जूनमधील पत्रांवरील कारवाईला सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑक्टोबर रोजी स्थगिती दिली. उत्तर प्रदेशातील मदरसा कायद्याच्या सुनावणीत तर, अन्य धर्मांच्या संस्थांबाबतही आयोगाची हीच भूमिका आहे काय, असे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने विचारले. तत्पूर्वी सप्टेंबरात, मदर तेरेसांच्या संस्थेच्या झारखंडमधील आश्रयगृहांची विशेष पथकाकडून चौकशी व्हावी, ही आयोगाची याचिका न्यायालयाने फेटाळली होती. अल्पसंख्याकांच्या संस्थांकडेच आयोगाची नजर वारंवार वळते, ही टीका अशा घटनांतून बळावली.

येथे पुरोगामी म्हणविणाऱ्यांनी आपल्या मनाशीही प्रामाणिक राहिले पाहिजे. मदरशात शिकणाऱ्या मुलाला गणित, विज्ञान आणि राज्याची भाषा यांचे चांगले शिक्षण मिळते काय, हा प्रश्न खोटा नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू संशयास्पद वाटला म्हणून आपण प्रश्नच टाकून दिला, तर त्या मुलाला दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर सोडल्यासारखे होईल. या गुंत्यातून वाट कशी काढावी, हे न्यायालयाच्या ५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने दाखविले. त्याने उच्च पदव्यांचा भाग वगळून मदरसा कायदा वैध ठरविला आणि शिक्षणाच्या दर्जासाठी राज्य नियमन करू शकते, हेही मान्य केले. दर्जा सुधारण्यासाठी संस्था मोडावी लागत नाही. शिवाय शिक्षणहक्क कायद्यातून मदरसे आणि वेदपाठशाळा या दोहोंना एकाच कलमाने वगळलेले आहे. मुलाच्या हक्काची खरी कळकळ असेल, तर तिची मोजपट्टीही एकच असली पाहिजे.

मात्र सारा दोष एका व्यक्तीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. २००५ च्या कायद्यानुसार अध्यक्षाची निवड तीन सदस्यांची समिती सुचविते आणि त्या समितीचे प्रमुखपद संबंधित खात्याच्या मंत्र्याकडे असते. म्हणजे ज्याच्या कारभारावर पहारा ठेवायचा, तोच पहारेकरी निवडतो! २००७ साली याच कायद्याखाली शांता सिन्हा पहिल्या अध्यक्ष झाल्या. आंध्रमध्ये बालमजुरांना कामावरून सोडवून शाळेत आणण्याच्या कार्याची शिदोरी त्यांच्यापाशी होती. कायदा एकच, पण पदावर कोण बसावे हे सत्तेच्या मर्जीवर राहते. म्हणूनच विरोधी पक्ष, न्यायव्यवस्था आणि बालकांच्या क्षेत्रात काम करणारे लोक यांना निवडीत स्थान मिळावे, ही मागणी पक्षभेदापलीकडची आहे. उद्या आपल्या विचाराचे सरकार आले, तरी ती सोडता कामा नये.

आयोगाला साक्षीदार बोलाविण्याचा, कागदपत्रे मागविण्याचा दिवाणी न्यायालयासारखा अधिकार आहे; शिक्षा देण्याचा मात्र नाही. त्याचे खरे बळ नैतिक आहे, आणि निःपक्षपातीपणाविषयी शंका आली की ते बळच सरते. मग आश्रमशाळेच्या अन्नाविषयी अथवा वसतिगृहातील मुलींच्या सुरक्षिततेविषयी त्याने दिलेली रास्त शिफारसही राजकारण म्हणून बाजूला सारली जाते. त्याची किंमत मोजावी लागते ती मुलांना.

दिल्लीतील नेमणुकांवर चर्चा करीत कार्यकर्त्यांनी थांबू नये. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तेथे आणि जुन्नरला राज्य बालहक्क आयोगाची जनसुनावणी व्हावी, असा आग्रह धरता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदा सांगतो. ते पालक बोलते झाले पाहिजेत. हंगामात कोप्यांची पाहणी करून किती मुले शाळेबाहेर आहेत, याची यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल. आयोगाचा अध्यक्ष कोण, हे कोपीवरच्या मुलीला ठाऊक नसले तरी चालेल. पण तिच्या हाती पुन्हा पाटी आली की नाही, यावरूनच त्याच्या कारकिर्दीचा हिशेब झाला पाहिजे.