वीकेंडची शिकार

मंडळी, आजची नोंद कडू आहे. जुनी पुस्तकं, शाळेतले किस्से आणि कळव्याच्या बाजारातल्या पावसाळी भाज्या वाचायला जे इथे येतात, त्यांनी हवं तर पुढच्या लेखाची वाट बघावी. घरच्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण हे मुख्यतः त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

आमचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. गेली काही वर्षं आमच्या भाचेमंडळींनी नवी टूम काढली आहे. शुक्रवारी रात्री ठाण्याहून दोन गाड्या निघतात. मित्र, मित्रांचे मेहुणे, कधी बायकामुलंसुद्धा. शनिवारी गावच्या घरी मुक्काम, आणि अंधार पडला की "रानात जायचं". रानात जायचं म्हणजे गावातल्या कुणाची तरी बंदूक, डोक्याला बांधायची बॅटरी, आणि नशीब असेल तर भेकर. मग मोबाईलवर फोटो फिरतो आणि तासाभरात घाईघाईने काढूनही टाकला जातो. (तो का काढावा लागतो, हा प्रश्न एकालाही पडत नाही.) आता पुढच्या महिन्यातल्या लग्नाच्या निमित्ताने तसाच बेत शिजतो आहे, आणि या वेळी माझ्या अकरा वर्षांच्या नातवालाही "दाखवायला" न्यायचं ठरतंय, असं कानावर आलं.

मी विचारलं तर उत्तर काय मिळालं? "आत्या, आम्ही कुठे गोळी मारतो? आम्ही नुसते बरोबर असतो."

छत्तीस वर्षं मुलांना व्याख्या पाठ करायला लावल्या, तेव्हा ही पण एक व्याख्या सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात "शिकार" या शब्दाचा अर्थ दिलेला आहे. त्यात मारणं आहे, पकडणं आहे, सापळा लावणं आहे, त्यासाठी जनावर हाकणं आहे, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणंही आहे. म्हणजे हाकारे घालणारा हा कायद्याच्या लेखी शिकारीच. मारलेलं जनावर आणि त्याचं मटण ही सरकारची मालमत्ता ठरते. आणि मटण तुमच्या ताब्यात सापडलं, तर ते बेकायदा नाही हे तुम्ही सिद्ध करायचं, पोलिसांनी नव्हे. तेव्हा डब्यात घालून ठाण्याला आणलेला "वाटा" हा काही प्रसाद नव्हे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड लाखापर्यंत, आणि प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर तुरुंगवास किमान तीन वर्षं.

यावर सलमान खानचं उदाहरण हमखास येतं. त्याच्या बरोबरचे सगळे सुटले ना! सुटले. ऑक्टोबर १९९८ ला जोधपूरजवळ कांकाणीला काळवीट मेलं, आणि निकाल लागला एप्रिल २०१८ मध्ये. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, मग अपील, मग जामीन. बाकीचे निर्दोष, पण वीस वर्षांनी! तेही नुसते बरोबर होते. (तेव्हा शूटिंग कुठल्या सिनेमाचं चाललं होतं? "हम साथ साथ हैं".) त्यांच्यापाशी मोठमोठे वकील होते. आमच्या भाच्यापाशी गृहकर्ज आहे.

पण मला खरी चिंता भाच्याची नाही, बंदूक ज्याची आहे त्याची आहे. कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी म्हणून बंदुकीचे परवाने दिलेले आहेत. परवाना त्याच्या नावावर, बंदूक त्याची, रान त्याला माहीत. पाहुण्यांनी "चल रे" म्हटलं की तो भिडेखातर, चार पैशांखातर निघतो. रविवारी रात्री पाहुणे खारेगावच्या टोलनाक्यापाशी ट्रॅफिकला शिव्या घालत असतात, आणि सोमवारी वनखात्याची जीप आली तर ती त्याच्या दारात उभी राहते. ही मौज तुमची, आणि जोखीम दुसऱ्याच्या घरादाराची. याला आमच्या लहानपणी काय म्हणत, ते इथे लिहिता येत नाही.

"पण आत्या, ही आपली परंपरा." बरं. परंपरेचंच बोलू.

माझ्या वडिलांच्या काळी शिकारीला परवाना मिळत असे, हे खरं. मुंबई राज्याचा वन्यप्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ चा, म्हणजे तेव्हाही रान मोकळं नव्हतंच. १९७२ च्या केंद्राच्या कायद्यातही आधी परवान्यांची तरतूद होती. ती १९९१ साली काढून टाकली. तीस-पस्तीस वर्षं झाली त्याला. आमच्या भाच्यांपैकी निम्मे तेव्हा जन्मलेलेही नव्हते, तर परंपरा त्यांना कुठून मिळाली? आणि राजेरजवाड्यांचं म्हणाल तर कोल्हापूरच्या दरबारी चित्ते पाळलेले असत, चित्तेवान त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून माळावर नेत आणि काळविटांवर सोडत. आज तो भारतातला मूळ चित्ता कुठे आहे? १९५२ मध्येच तो संपल्याचं जाहीर झालं. मात्र त्याच कोल्हापूरच्या राजांचं दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. परंपरा पुढे न्यायची तर ती अशीही नेता येते.

शिवाय शिकारीत काही कसब तरी असावं! बॅटरीचा झोत डोळ्यांवर मारायचा, जनावर भांबावून जागीच उभं राहतं, डोळे चमकतात, त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये बार टाकायचा. नर की मादी, हे कळत नाही. भेकराला विणीचा ठरावीक हंगाम नसतो, वर्षभर कधीही पिल्लू होतं, आणि एका वेळी बहुधा एकच. म्हणजे मारलेली मादी गाभण नव्हती किंवा मागे झुडपात पिल्लू नव्हतं, असं कुठल्याच महिन्यात खात्रीने सांगता येणार नाही. वीस-बावीस किलोचं ते जनावर. कातडं, हाडं, आतडी जाऊन बारा जणांत प्रत्येकी किती येत असेल, हे गणित माझ्या पाचवीतल्या मुलांनीही सोडवलं असतं.

शेतीच्या नुकसानीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. माकडं आणि डुकरं यांनी कोकणातला शेतकरी मेटाकुटीला आला आहे. आमच्या वाडीत कित्येकांनी भात लावायचंच सोडलं. पण रानडुक्कर आणि नीलगाय यांच्या उपद्रवासाठी वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागायची सोय शासनाने केलेली आहे, नुकसानभरपाईचीही आहे. ती वेळेवर मिळत नाही म्हणून भांडा, मी तुमच्याबरोबर येऊन बसेन तहसीलदार कचेरीसमोर. पण ज्यांनी गेल्या पंधरा वर्षांत गावी एक वाफा नांगरला नाही, त्यांनी शनिवारी रात्री शेतकऱ्याच्या नावाने भेकर मारू नये.

आता अमेरिका. आमचा एक भाचा विस्कॉन्सिनात मिल्वॉकीला असतो. तिथे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, नऊ दिवसांचा हरणांचा बंदुकीचा हंगाम असतो. घरातले बाप-लेक-आजोबा मिळून जातात. तो फोनवर म्हणाला, "आत्या, इथे तर शाळेतली मुलंसुद्धा जातात." जातात. पण काय करून जातात ते त्यालाच विचारलं. १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्याला आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. लायसन्स लागतं. मारलेलं हरण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदवावं लागतं. बंदूक जवळ बाळगून रात्री बॅटरी मारणं तिथेही गुन्हाच! आणि १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचे पैसे वन्यजीवांच्या कामाला जातात. तिथे लांडगे माणसाने जवळपास संपवले आणि हरणं बेसुमार वाढली, म्हणून हा खटाटोप. मला तोही रुचत नाही, पण ते लपवत नाहीत एवढं मान्य करते.

त्यातला एक नियम तर ऐकण्यासारखा आहे. अंगात भडक केशरी कपडा घालावा लागतो (२०१६ पासून भडक गुलाबीही चालतो). कशासाठी? हरणाला दिसावा म्हणून नव्हे. आपल्याच सोबत्याने आपल्याला हरण समजू नये म्हणून.

आणि आपल्याकडे? २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर तालुक्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात गावातली काही माणसं रानडुकराच्या शिकारीला गेली होती. आपल्याच माणसांना डुक्कर समजून गोळी झाडली गेली. माणूस मेला. घाबरलेल्या सोबत्यांनी पोलिसांना न कळवता त्याचं प्रेत झुडपात लपवलं, आणि काही दिवसांनी ते सापडलं. ती जन्मभर रानात वावरलेली माणसं होती. आमचे वीर वर्षातून तीनदा रानात जातात, त्यातले दोघे चष्मेवाले आणि निदान एक "थोडीशी" घेतलेला. तिथे काळोखात माझा नातू उभा करायचा?

"तू मटण खातेस ना?" खाते. दर रविवारी. कळव्याच्या खाटकाकडचा बोकड कुणीतरी पाळलेला असतो आणि त्याच्यानंतर दुसरा पाळला जातो. भेकराचं तसं नाही. एवढंच उत्तर पुरे.

आमच्या माहेरच्या सड्यावरून पूर्वेला बघितलं तर सह्याद्रीची धार दिसते. तिच्यापलीकडे चांदोली, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे वाघाला पुरेसं खाद्य नाही म्हणून वनखात्याने दुसरीकडून चितळ आणून सोडले. धारेच्या त्या बाजूला सरकार हरणं आणून सोडतं, आणि या बाजूला आमचे इंजिनीअर, बँकेतले साहेब ती मारायला पेट्रोल जाळत येतात. मग बिबट्या वाडीत येऊन कुत्री उचलायला लागला की हेच मोबाईलवर लिहिणार, "वनखातं झोपलंय का?" अहो, २० फेब्रुवारी २०१९ ला ठाण्याच्या कोरम मॉलच्या आवारात बिबट्या शिरला, तेव्हा सर्वांत आधी माझ्या खिडक्या लावून घ्या म्हणून फोन करणारे हेच शूर शिकारी होते. मी कळव्यात, तो खाडीपलीकडे!

असो. नातवाच्या आईशी माझं बोलणं झालं आहे, तो येणार नाही. बाकीच्यांसाठी एक माहिती. वनखात्याचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे, तो मी माझ्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे. लग्नाच्या आदल्या रात्री दोन गाड्या सड्याकडे वळल्या असं मला कळलं, तर मी तो लावणार. आत्याने असं करावं का, यावर लग्नात खुशाल चर्चा करा. मी मांडवात पहिल्या रांगेत बसलेली असेन.