तुमच्या तापाचा पत्ता चुकीचा तर लिहिला जात नाहीये ना?

दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याला माझा मावसभाऊ नागपूरच्या होस्टेलवरून आमच्याकडे कळमेश्वरला आला होता. बैलांसाठी हिरवं गवत कापायचं होतं, म्हणून आम्ही दोघं वावरात गेलो. धुऱ्यावर कमरेएवढं गवत माजलेलं. हा हाफ पँट घालून कापायला लागला, दमला की तिथंच गवतात बसून रील काढायचा. तान्हा पोळा झाला आणि तो होस्टेलवर परत गेला.

अकराव्या दिवशी त्याला ताप आला. डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय. पहिल्या दवाखान्यात डेंग्यूची टेस्ट झाली, निगेटिव्ह आली. गोळ्या घेऊनही ताप उतरेना. पाचव्या दिवशी प्लेटलेट्स कमी दिसल्या, तेव्हा पुन्हा सगळे म्हणाले, "डेंग्यूच असेल, टेस्ट चुकली असेल." होस्टेलच्या सगळ्या कूलरचं पाणी ओतून टाकलं. धूर मारणारी मशीनसुद्धा येऊन गेली.

सहाव्या दिवशी मी त्याला दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि म्हणाले, "शर्ट काढ, हात वर कर." काखेत एक काळी खपली होती, सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजतही नव्हती, म्हणून त्याला तिचा पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या तीन आठवड्यांत कुठं गेला होतास?" हा म्हणाला, "कुठं नाही सर, कॉलेज आणि होस्टेल."

मी त्याच्याच फोनची गॅलरी उघडली. सतरा दिवसांपूर्वीचं रील, मागे आमचा धुरा. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येण्याआधीच, दोन दिवसांत ताप उतरला. आजार होता स्क्रब टायफस.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसलीय, आणि आजचा लेख तिच्यावरच आहे. ताप नागपुरात आला, फाइलवर पत्ता नागपूरचा पडला, फवारणी नागपुरात झाली. आजार मात्र कळमेश्वरच्या गवतात होता.

स्क्रब टायफस म्हणजे नक्की काय?

व्हॉट्सॅपवर दर पावसाळ्यात "नवीन व्हायरस आला" असा फॉरवर्ड फिरतो. हा व्हायरस नाही आणि नवीन तर अजिबात नाही. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाच्या जिवाणूमुळे हा आजार होतो. 'मुशी' म्हणजे जपानी भाषेत किडा. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर या आजाराने सैनिकांना बेजार केलं होतं. आपल्याकडे २०१८च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची मोठी साथ आली, माणसं दगावली, आणि हे नाव पहिल्यांदा घरोघरी पोचलं.

जिवाणू माणसापर्यंत आणतो तो चिगर माइट. गोचीड आणि कोळी यांच्या दूरच्या नात्यातला जीव. त्याची अळी जेमतेम ०.२ मिलिमीटरची, म्हणजे अंगावर चढली तरी सहसा दिसत नाही. आता यातली गंमत बघा. चावते ती फक्त अळी. मोठा झालेला माइट जमिनीतल्या बारीक किड्यांची अंडी वगैरे खाऊन राहतो, त्याला ना उंदराशी घेणं ना माणसाशी. अळी आयुष्यात एकदाच प्राण्याच्या अंगावर जेवते. ती रक्तही पीत नाही. लाळेने कातडीच्या पेशी विरघळवते आणि तो रस शोषते. काळी खपली येते ती त्या चाव्याच्या जागी.

इथे प्रश्न पडायला हवा. डास एकाला चावतो, मग दुसऱ्याला चावतो, म्हणून डेंग्यू पसरतो. ही अळी जर एकदाच चावते, तर तिच्यात जिवाणू येतो कुठून?

उत्तर आहे, आईकडून. मादी माइटच्या अंगातला जिवाणू तिच्या अंड्यांत उतरतो आणि अंड्यातून अळी बाहेर पडते तीच संसर्ग घेऊन. म्हणजे हा जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या माइटच्याच घरात राहतो. उंदीर, घुशी, चिचुंद्र्या अळ्यांना जेवण देतात आणि अंगावर बसवून एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर नेतात. जीवशास्त्रात अशा जेवण देणाऱ्याला यजमान म्हणतात.

मग माणूस या साखळीत कुठे?

खरं सांगायचं तर कुठेच नाही. अळीला उंदीर हवा होता, तिथे आपला पाय आला. आपल्या अंगात शिरलेला जिवाणू पुढे कुणाकडेच जात नाही. खोकल्यातून नाही, जेवणातून नाही, एका खोलीत राहून नाही. मेसेज आला, पण फॉरवर्डचं बटणच नाही, असं समजा.

हे ऐकून बरं वाटतं, पण त्याची दुसरी बाजू आहे. माणसातून माणसात पसरणाऱ्या आजारात रुग्ण शोधले, वेगळे ठेवले की साखळी तुटते. इथे कळमेश्वर तालुक्यातला प्रत्येक रुग्ण बरा केला तरी धुऱ्यावरच्या माइटला काहीही फरक पडत नाही. त्याचं चक्र आपल्याशिवायच चालू आहे. पुढच्या पावसात गवत वाढलं की पुन्हा तेच.

शिवाय हे माइट सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. ओलावा, सावली, गवत आणि उंदीर एकत्र सापडले की तेवढ्याच तुकड्यात ते दाट होतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटसारखं. या झाडाखाली फुल रेंज, वीस पावलं पुढे गेलं की काही नाही. म्हणून एकाच वावरात काम केलेल्या पाच जणांपैकी एकालाच ताप येतो आणि बाकीचे म्हणतात, "आम्हाला कसं काही झालं नाही?"

नकाशावरचा ठिपका कशाचा?

आता टेक्नॉलॉजीचा भाग. देशात साथरोगांवर लक्ष ठेवायला आयएचआयपी नावाचं सरकारी पोर्टल आहे, एप्रिल २०२१ मध्ये ते देशभर सुरू झालं. त्यात तीन बाजूंनी माहिती येते. गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी लक्षणं नोंदवतात, डॉक्टर आपला अंदाज नोंदवतात आणि लॅब पक्का रिपोर्ट देते. पूर्वी आठवड्याला कागद जायचे, आता नोंद लगेच दिसते आणि नकाशावर उमटते. ही खरंच मोठी सुधारणा आहे.

पण नकाशात जाते ती आपण सांगितलेली माहिती. आपण काय सांगतो? राहायचा पत्ता. डेंग्यूच्या बाबतीत ते बऱ्यापैकी चालतं, कारण डेंग्यूचा डास घराच्या आसपासच राहतो, कूलरमध्ये नाहीतर कुंडीखालच्या ताटलीत. स्क्रब टायफसला चावल्यापासून ताप येईपर्यंत ६ ते २१ दिवस लागतात. आमच्या भागात तेवढ्या दिवसांत माणूस कुठच्या कुठे गेलेला असतो. कुणी एमआयडीसीत शिफ्ट करतो, कुणी रोज नागपूरला अपडाऊन करतो, कुणी सुट्टीपुरता वावरात येतो. म्हणून नकाशावरचा ठिपका माणूस कुठे आजारी पडला ते दाखवतो. आजार कुठे राहतो ते दाखवेलच असं नाही. आणि फवारणी असो, गवत कापणं असो, माणसं आणि पैसा ठिपक्याच्या मागे जातात.

याचं एक नागपुरी उदाहरण तर जगभर गाजलंय. १९६५ मध्ये नागपुरात चिकुनगुनिया-डेंग्यूची साथ होती. तेव्हा तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला. पुण्याच्या संस्थेने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्याला नागपुरातल्या वस्तीचं नाव दिलं, चांदिपुरा. पुढे २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांमध्ये साथ आली. २०२४च्या पावसाळ्यात गुजरात आणि शेजारच्या भागात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले. त्यातल्या ६४ जणांत चांदिपुरा पक्का झाला. तेव्हा आमच्या ग्रुपवर लगेच मेसेज, "नागपूरचा व्हायरस गुजरातला पोचला." चांदिपुरा वस्तीचा यात काय दोष? हा विषाणू पसरवते वाळूमाशी, आणि ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या अंधाऱ्या ओलसर कोपऱ्यांत वाढते. जिथे तशा भेगा, तिथे धोका. नाव मात्र त्या जागेला चिकटलं जिथे तो पहिल्यांदा सापडला.

फोन इथे काय करू शकतो?

एखादं अ‍ॅप डाउनलोड करा असं मी म्हणणार नाही. जे फोनमध्ये आधीच आहे तेच पुरेसं आहे.

पहिलं, ताप आला की गॅलरी तीन आठवडे मागे न्या. फोटोवर तारीख असते, लोकेशन चालू असेल तर जागाही असते. फोटो नसतील तर यूपीआयची हिस्ट्री बघा. कोणत्या गावच्या टपरीवर चहाचे पैसे दिले, कोणत्या पंपावर पेट्रोल भरलं, सगळं तिथे आहे. गुगल मॅप्सची टाइमलाइन चालू केलेली असेल तर उत्तमच. चार ओळींत लिहून काढा: वावर, जंगल, गवत, गोठा, कुठे आणि कधी. तापाने डोकं दुखत असताना माणूस विसरतो, माझा भाऊही विसरला होता.

दुसरं, अंग नीट तपासा. काख, जांघ, कमरेचा पट्टा बसतो ती जागा, कानामागे, छातीखाली. काळी खपली दिसली तर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. ही खपली सगळ्यांना उमटतेच असं नाही, त्यामुळे नसली म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि हा फोटो ग्रुपवर टाकायची गरज नाही. तुमची लोकेशन हिस्ट्रीसुद्धा डॉक्टरांपुरतीच ठेवा.

तिसरं, "डेंग्यू निगेटिव्ह" याचा अर्थ "काही नाही" असा घेऊ नका. स्क्रब टायफसच्या नेहमीच्या रक्त तपासणीत अँटिबॉडी शोधतात, आणि त्या साधारण पहिला आठवडा सरत आला की दिसायला लागतात. म्हणून आयसीएमआरच्या सूचना आहेत की संशय आला तर रिपोर्टसाठी थांबू नका, उपचार सुरू करा. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही मिळतं. उशीर झाला की फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू, सगळीकडे त्रास पोचतो. अशा गंभीर रुग्णांवर भारतात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधं एकत्र दिल्यावर जास्त फायदा होतो. पण कोणतं आणि किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच घेऊ नका. लस अजून नाही.

वावरात जाताना फुल पँट, फुल बाह्या. गवतावर लोळू नका, कपडे झुडपांवर वाळत घालू नका, घरी आल्यावर साबणाने अंघोळ आणि ते कपडे गरम पाण्यात. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी मारबत रोगराई घेऊन गावाबाहेर जाते, अशी आपली श्रद्धा. मला ती मिरवणूक फार आवडते, दरवर्षी जातो. पण हा रोग गावाबाहेरच राहतो, आपण त्याच्या घरात गवत कापायला जातो. यंदा भाऊ पोळ्याला येणार आहे. मी त्याला आधीच सांगून ठेवलंय: फुल पँट घालून ये, रील उभ्यानेच काढ, आणि ते डिलीट करू नको.