प्रतिपिंडे किती, यापेक्षा कशी

डेंग्यूच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाच्या संसर्गानंतर त्याच्यापुरते दीर्घकाळ संरक्षण मिळते, परंतु उरलेल्या तिघांविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने, अपुरी पडली, तर ती विषाणूला निष्प्रभ न करता नुसती चिकटतात आणि त्याला पांढऱ्या पेशींत शिरायला वाट करून देतात. या उलट्या परिणामाची झळ फिलिपिन्सला बसली. तेथे एप्रिल २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस टोचण्यात आली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की, पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना लशीनंतर संसर्ग झाल्यास आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो. पालकांचा विश्वास उडाला, आणि तो इतर लशींवरूनही उडाला, हे अधिक क्लेशदायक.

प्रतिपिंडे विषाणूला खरोखर निष्प्रभ करतात का, हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत रक्तद्रव विषाणूत मिसळून पेशींच्या पातळ थरावर ओततात आणि विषाणूने पेशी मारून पाडलेली फिकट वर्तुळे मोजतात. वर्तुळे जितकी कमी, तितकी प्रतिपिंडे प्रभावी. ही मोजणी चारही उपप्रकारांसाठी स्वतंत्रपणे व्हायला हवी, कारण एकाविरुद्धचा जोरदार प्रतिसाद दुसऱ्याविरुद्धची उणीव झाकून टाकतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे सुरू झालेल्या, दहा हजारांहून अधिक प्रौढांवरील देशी लशीच्या चाचणीत दोन वर्षांचा पाठपुरावा ठरलेला आहे. तिचे निष्कर्ष पूर्वी डेंग्यू झालेले आणि न झालेले असे वेगळे करून प्रसिद्ध व्हावेत, आणि मुलांसाठी स्वतंत्र चाचणी झाल्याखेरीज ही लस शाळांपर्यंत नेऊ नये.