अंदाज चुकला, गुन्हेगार कोण?

परवा नालवाडीत शेजारचे काका तावातावाने म्हणाले, "पावसाचा अंदाज चुकवणाऱ्यांवर केसच टाका!" २०१७ साली बीड जिल्ह्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिलीच होती. पेरणी बुडाल्यावर संताप येणारच.

पण इटलीचे उदाहरण पाहा. २००९ च्या लाक्विला भूकंपानंतर सहा शास्त्रज्ञांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. आरोप भाकीत चुकल्याचा नव्हता, लोकांना खोटा धीर दिल्याचा होता. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले. धोका नाही असे सांगणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची शिक्षा मात्र कमी होऊन कायम राहिली.

भूकंपाची वेळ कोणीच सांगू शकत नाही. १९९३ साली किल्लारीत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. जे कळतच नाही त्याची शिक्षा नको. कळूनही लपवले तर जाब विचारा. आणि आधी आपल्या घराच्या भिंती तपासा.